मुळांचाही हिशेब धरा: परभणीच्या कुलगुरूंना खुलं पत्र

मा. कुलगुरू,
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी यांस



मृग तोंडावर आला की उमरग्याच्या आडत बाजारात, मुरूमच्या पेठेत, येणेगूर-तुरोरीच्या फाट्यावर एकच चौकशी सुरू होते: डीएपी आलं का? आलं असेल तर किती गोण्या, कुणाकडे, आणि सोबत काय घ्यावं लागेल? माल कमी असला की गोणीबरोबर नको असलेलं दुसरं खत किंवा एखादी बाटली गळ्यात मारायची, याला इकडे ‘लिंकिंग’ म्हणतात. पेरणी तोंडावर असलेला माणूस भांडत बसत नाही. पैसे मोजतो आणि गोणी मोटारसायकलवर टाकून रान गाठतो.

या खताचा कच्चा माल आपला नाही. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला फॉस्फेटची खाण आहे, पण देशाची भूक तेवढ्याने भागत नाही. फॉस्फेटचा दगड जॉर्डन-मोरोक्कोकडून येतो, तयार डीएपी सौदी अरेबिया, चीन, मोरोक्को इथून येतं. जगातल्या माहीत असलेल्या साठ्यापैकी सुमारे ७० टक्के साठा एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात मोजला जातो. चीनने निर्यात आवळली की त्याची कळ उमरग्याच्या दुकानापर्यंत पोचते. मे २०२१ मध्ये जागतिक भाव भडकले, तेव्हा केंद्राला डीएपीवरचं अनुदान गोणीमागे ५०० रुपयांवरून १२०० रुपये करावं लागलं होतं. पुढे १३५० रुपयांना मिळू लागलेल्या गोणीमागेही सरकारी तिजोरीचा मोठा वाटा आहे.

पण माझं पत्र खताच्या टंचाईबद्दल नाही. आमच्या रानात आधीच पडून असलेल्या स्फुरदाबद्दल, म्हणजे फॉस्फरसबद्दल आहे, आणि तो बाहेर काढणाऱ्या मुळांबद्दल. आपल्या विद्यापीठाची शिफारस पिकागणिक असते: तुरीला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद, अमक्याला इतकं, तमक्याला तितकं. ती कुठल्या मातीसाठी आणि कुठल्या मुळासाठी, याचा हिशेब त्यात दिसत नाही. तो धरला जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी गोणीचा हिशेब. ५० किलोच्या डीएपीत ४६ टक्के म्हणजे २३ किलो स्फुरद असं लिहिलेलं असतं. तो आकडा ऑक्साइडच्या भाषेतला. मूलद्रव्य म्हणून मोजलं तर स्फुरद जेमतेम १० किलो भरतो. त्यातला पहिल्या हंगामात पिकाच्या तोंडी जातो तो बहुधा पाचव्या हिश्श्याच्या आतच. बाकीचा मातीत अडकतो. बेनीतुरेच्या काठच्या काळ्या रानात वखर फिरला की चुनखडीचे पांढरे खडे वर येतात. त्या मातीचा सामू ८ च्या आसपास असतो. दाणा विरघळला की त्यातला फॉस्फेट चुन्यातल्या कॅल्शियमला धरून बसतो. आधी डायकॅल्शियम फॉस्फेट, मग ऑक्टाकॅल्शियम फॉस्फेट, आणि जसजसा काळ जाईल तसतसा तो अधिक घट्ट होत जातो. पूर्वेला बिदरच्या पठारावर गेलं की माती तांबडी होते. बिदरचा किल्ला ज्या जांभ्या दगडात बांधलाय, त्याच दगडाची ती माती. तिथे फॉस्फेटला लोह धरतं. म्हणजे एका दिवसाच्या एसटी प्रवासात दोन वेगवेगळी कुलपं. गोणी मात्र दोन्हीकडे एकच.

मातीत स्फुरद नाही, असं म्हणणं म्हणूनच अर्धवट आहे. साधारण मातीच्या वरच्या वीतभर थरात हेक्टरी काही शेकडो किलोंपासून हजार किलोपर्यंत एकूण स्फुरद असतो. मातीतल्या पाण्यात एका वेळी विरघळलेला असतो तो मात्र अगदी नाममात्र, आणि मूळ पिऊ शकतं ते तेवढंच. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळाशी येतं. स्फुरद जागचा हलत नाही. मुळाने आपल्या भोवतीचा मिलिमीटरभर घेर एकदा रिकामा केला की चार बोटांवर स्फुरद असूनही झाड उपाशी राहतं. पान हिरवं-जांभळट पडतं, रोप खुजं राहतं, फुटवा येत नाही. द्विदल पिकाचं तर दुहेरी नुकसान होतं. मुळावरच्या गाठींत नत्र बांधायला प्रचंड ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा वाहून नेणारा रेणूच स्फुरदाचा असतो.

या उपासमारीवर झाडांनी काय काय केलंय, ते बघण्यासारखं आहे. हिवाळ्यात वाफशावर असलेल्या रानातून हरभऱ्याचं एक रोप खुरप्याने अलगद, ढेकळासकट उचलावं आणि हलकेच झटकावं. मोठी माती पडून जाते, पण मुळाला बारीक मातीचं एक अस्तर चिकटून राहतं. ते धरून ठेवणारे केस म्हणजे मुळाचे रोम, भिंगाशिवाय दिसणार नाहीत इतके बारीक. त्यांच्यामुळे मुळाचा घेर वाढतो. त्याच्याही पुढे बुरशीचे धागे जातात. मायकोरायझा नावाची ही बुरशी बहुतेक जमिनीवरच्या झाडांच्या मुळात शिरून राहते, झाडाकडून साखर घेते आणि मुळापासून कित्येक सेंटिमीटर लांबून स्फुरद ओढून आणते. ज्वारीचा तिच्यावर मोठा भरवसा. मात्र रानात खताचा मारा वाढला की झाड या बुरशीला घरात घेईनासं होतं. ही गोष्ट कुठल्याही कृषी सहायकाने बांधावर उभं राहून सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

याशिवाय मुळं आम्ल सोडतात. एकोणिसाव्या शतकात युलियस झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने संगमरवराच्या गुळगुळीत पाटीवर माती पसरून तीत रोपं वाढवली. पाटी धुऊन पाहिली तर मुळं जिथून गेली तिथे दगडावर त्यांच्या वाटा कोरलेल्या. आमच्याकडे घरोघरी शहाबादी फरशी आहे, तीही चुनखडकच. घासून चकचकीत केलेल्या तुकड्यावर हा प्रयोग आमच्या शाळांमधून सहज व्हावा. दगड खाणारं मूळ डोळ्यांनी पाहिलेल्या पोराला स्फुरदाचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

हरभऱ्याच्या आम्लाशी आमची ओळख जुनी आहे, पण ती पानावरची. थंडीत पहाटे हरभऱ्यातून चाललं की पोटऱ्या ओल्या होतात आणि चुरचुरतात. रात्री रानावर स्वच्छ धोतर किंवा पातळ पसरून ठेवायचं, पहाटे दंवासकट पिळायचं, आणि ती आंब बाटलीत भरून पोटदुखीला, अपचनाला थेंबथेंब द्यायची, हे म्हाताऱ्या माणसांना अजून माहीत आहे. त्या आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. मुळाचं काम निराळं, पण जात तीच: हरभऱ्याचं मूळ सायट्रिक, मॅलिक, मॅलोनिक अशी आम्लं मातीत सोडतं. ती कॅल्शियमला पकडतात आणि फॉस्फेट मोकळा होतो. शिवाय द्विदल पीक हवेतलं नत्र घेत असताना मुळाभोवतीची माती स्वतःच थोडी आंबट होते. चुनखडीचं रान हा आंबटपणा लगेच मारून टाकू पाहतं हे खरं, म्हणून हे काम रानभर होत नाही, मुळाच्या अगदी लगत होतं. पण झाडाला तेवढंच पुरतं.

तुरीची गोष्ट याहून मोठी आहे, आणि ती आमच्याच हमरस्त्यावर घडली. उमरग्याहून हैदराबादकडे निघालं की शहर यायच्या अलीकडे पाटणचेरू लागतं. तिथे इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. स्थापना १९७२, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्याच सालची, आणि महाराष्ट्राच्या त्या मोठ्या दुष्काळाच्याही. तिथे जपानी शास्त्रज्ञ नोरिहारू आए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या आणि काळ्या अशा दोन्ही मातींत पिकं वाढवून पाहिली. तांबड्या मातीत स्फुरद लोहाने धरलेला. स्फुरद न देता त्या मातीत ज्वारी, मका, बाजरी, सोयाबीन मागे पडले. तूर वाढली. तिच्या मुळातून पिसिडिक आम्ल झिरपतं, ते लोहाला वेढा घालतं आणि लोहाच्या मुठीतला फॉस्फेट सुटतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९९० साली तो ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. भारतीय उपखंडात तूर ज्वारी-बाजरीसारख्या तृणधान्यात मिसळून घेतात, त्यामुळे तिच्या असण्यानेच त्या रानातल्या वापरता येणाऱ्या स्फुरदाची एकूण बेरीज वाढत असली पाहिजे, हेही त्यांनी त्यातच मांडलं.

आमच्या आज्या-पणज्यांनी ज्वारीत आठव्या-दहाव्या तासाला तुरीचा पाटा का धरला? त्यांना पिसिडिक आम्ल ठाऊक होतं असा दावा मी करणार नाही. घरात डाळ हवी, जनावराला भुसकट हवं, चुलीला तुराट्या हव्यात, एक पीक गेलं तर दुसरं हवं, ही कारणं पुरेशी होती. पण पाट्याच्या जागी पुढच्या वर्षी ज्वारी जोर धरते, हे ते बघत होते. त्यात तुरीच्या गळलेल्या पाल्याचा वाटा होता, खोल गेलेल्या सोटमुळाचा होता, आणि आता कळतं की मुळातून झिरपणाऱ्या आम्लाचाही असणार.

मग तो पाटा गेला कुठे? सोयाबीन आलं. चार महिन्यांत पैसा, मळणीला हार्वेस्टर, आणि लगेच मागे हरभरा. मध्ये तुरीच्या ओळी असल्या की मशीनवाला कुरकुरतो, तूर जानेवारीपर्यंत रान अडवते, मर आणि वांझ रोगाने पीक हातचं जातं. बदनापूरच्या आपल्या केंद्राने या रोगांना तोंड देणारे बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३, बीडीएन ७११ असे वाण दिले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्यांच्यामुळेच तूर तग धरून आहे. सोयाबीनमध्ये ४:२ ओळींनी तूर घ्या, ही आपली शिफारसही चांगली आहे. पण ती सांगताना जोखीम विभागते, उत्पन्न वाढतं, एवढंच सांगितलं जातं. तुरीच्या मुळामुळे शेजारच्या सोयाबीनला आणि मागून येणाऱ्या पिकाला स्फुरद किती मिळाला, म्हणून खतात किती कपात करावी, हा आकडा त्यात नसतो. शेतकऱ्याला तोच आकडा हवा आहे. मोटारसायकलवरून आणायच्या गोण्या तो त्यावर ठरवील.

आता माझी अडचण, जिचं उत्तर माझ्याकडे नाही आणि आपल्याकडे असू शकतं. पाटणचेरूचा निकाल तांबड्या, लोहाच्या मातीचा आहे. काळ्या मातीत ज्वारीनेही स्वतःच्या पुरता स्फुरद मिळवला, तिथे तुरीचं वेगळेपण एवढं उठून दिसलं नाही. उमरगा तालुक्यात काळी भारी जमीन आहे तशी माळावरची तांबूस, मुरमाड, बरड जमीनही आहे, कधीकधी एकाच गटात दोन्ही. त्या माळावर स्फुरद चुन्याने धरलाय की लोहाने? दोन्हींनी असेल तर किती किती? तिथे तूर धरावी की हरभरा, की दोन्ही आलटून पालटून? काळ्यात हरभऱ्याचं आम्ल किती उपयोगी पडतं? चीनमध्ये लाँग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याशेजारी बाकला म्हणजे फाबा बीन लावून, स्फुरदाला गरीब रानात दोघांचंही उत्पन्न वाढलेलं दाखवलं, ते २००७ साली प्रसिद्ध झालं. त्याआधी त्यांनीच हरभऱ्याशेजारचा गहू सेंद्रिय रूपातला स्फुरद जास्त उचलतो हे दाखवलं होतं, कारण हरभऱ्याचं मूळ तो मोकळा करणारं फॉस्फेटेज विकर सोडतं. आमच्याकडे रब्बीत हरभरा आणि करडई शेजारी शेजारी असतात. करडईला शेजारधर्माचा काही लाभ होतो का?

मृद आरोग्य पत्रिकेतून हे कळत नाही. २०१५ साली ती योजना आली, पत्रिका घरोघरी पोचल्या, चांगलं झालं. तिच्यावर ‘उपलब्ध स्फुरद: कमी’ असं लिहून येतं. ही तपासणी सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने होते, ऑल्सेन यांची १९५४ ची पद्धत. चुनखडीच्या जमिनीसाठी ती योग्यच आहे. पण त्या द्रावणाने जे सुटतं ते ‘उपलब्ध’ आणि जे सुटत नाही ते नाहीच, असा अर्थ गावात लागतो. सगळ्या पिकांची मुळं सारखीच दुबळी धरून ती पत्रिका बोलते. ज्वारीला जो स्फुरद मिळत नाही, तो तुरीला मिळतो, हे तिच्यात कुठे लिहायचं याला रकानाच नाही.

दुसरी गोष्ट वाणांची. वाण निवडले जातात ते शिफारशीचं पूर्ण खत दिलेल्या प्लॉटवर. भरल्या ताटावर बसवून कोण किती कष्टाने अन्न मिळवतं हे कसं कळणार? स्फुरद भरपूर असला की मुळं आम्ल सोडण्याचं काम आवरतं घेतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला जगातल्या सर्वांत जुन्या, धुऊन निघालेल्या मातींपैकी एक आहे. तिथल्या बँक्सियाच्या झाडांची मुळं दाट झुपक्यांनी फुटतात आणि सायट्रेटसारखी आम्लं सोडून थोडक्या जागेतला स्फुरद निपटून काढतात. त्याच झाडांना फॉस्फेटचं खत घातलं की झुपके येत नाहीत, खत फार झालं तर झाड मरतंही. आपला हरभरा-तूर इतके टोकाचे नाहीत. पण बीडीएन ७११ आणि बीएसएमआर ७३६ मध्ये, हरभऱ्याच्या विजय आणि जाकी ९२१८ मध्ये आम्ल सोडण्यात फरक असेल, तर तो खत न दिलेल्या रानातच दिसेल. त्या फरकाची नोंद वाणाच्या माहितीपत्रकात रोगप्रतिकाराच्या शेजारी छापली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मागणं असं आहे. तुळजापूरचं कृषी विज्ञान केंद्र आणि बदनापूरचं संशोधन केंद्र मिळून आमच्या तालुक्यात शेतकऱ्यांच्याच रानात चाचण्या घ्याव्यात. काळी एक, माळाची एक, आणि मधली एक अशा जमिनी निवडाव्यात. निव्वळ सोयाबीन, सोयाबीनमध्ये तूर, सोयाबीनमागे हरभरा, आणि जुन्या पद्धतीची ज्वारी-तूर. प्रत्येकात स्फुरद शून्य, अर्धा आणि पूर्ण. एका हंगामावर निकाल लावू नये, कारण तुरीचा लाभ मागून येणाऱ्या पिकात उतरतो. माती तपासताना उपलब्ध स्फुरदाबरोबर कॅल्शियमने धरलेला आणि लोहाने धरलेला असा वेगळाही मोजावा. ही तपासणी खर्चिक आहे, पण ती प्रत्येक शेतकऱ्यासाठी करायची नाही. तालुक्यातल्या मुख्य जमिनींची एकदा झाली की पुष्कळ वर्षं पुरेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर या पत्राचा उलटा अर्थ निघेल. खत बंद करा असं मी म्हणत नाही. मूळ स्फुरद निर्माण करत नाही, अडकलेला सोडवतं. दहा क्विंटल तूर बाजारात गेली की तिच्या दाण्याबरोबर साधारण ३ ते ४ किलो स्फुरद रानातून जातोच. तो कुठून तरी परत आला पाहिजे, शेणखतातून, पाल्यातून, आणि कमी पडला तर गोणीतून. पण गोणीत १० किलो स्फुरद आणि दाण्यातून जाणारा ३-४ किलो, हे गणित समोर ठेवलं की दरवर्षी ठरलेल्या गोण्या ओतण्याचं कारण उरत नाही. जादा स्फुरदाने जस्ताची उचल मंदावते आणि मराठवाड्यातल्या जमिनी आधीच जस्ताला दुबळ्या आहेत. म्हणजे एका गोणीचं नुकसान भरून काढायला झिंक सल्फेटची दुसरी गोणी.

जिवाणू संवर्धनाबद्दलही थोडं. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची पाकिटं आम्ही बियाण्याला चोळतो. कधी फरक दिसतो, कधी दिसत नाही. पाकीट कुठल्या उन्हात किती दिवस पडून होतं यावर बरंच असतं. पण त्या जिवाणूंना खायला घालतं ते मूळच. जिवाणूंची शिफारस दरवर्षी होते आणि मुळाची होत नाही, हे मला उलटं वाटतं.

या कामासाठी रान लागेल. माझ्या शेतात माळाचा तांबूस पट्टा आणि खालची काळी पट्टी शेजारी शेजारी आहे, मधे फक्त बांध. काळीत पेरणीला स्फुरद दिलेला आहे, माळ बरीच वर्षं पडीक होता. चाचणीला हे रान द्यायला मी तयार आहे. पीक कमी आलं तर भरपाई नको, फक्त दरवर्षीचे निकाल गावात येऊन मराठीत सांगावेत. आमच्या शिवारात असे आणखीही शेतकरी निघतील, त्यांना मी विचारून ठेवतो.

चाचणी येत्या खरिपात धरायची असेल तर मातीचे नमुने उन्हाळ्यातच, पहिल्या वळवाच्या आधी, घ्यावे लागतील. त्यासाठी माणूस कधी येतो, एवढं तुळजापूरमार्फत कळवावं.

कळावे,
आपला,
उमरगा तालुक्यातील एक कोरडवाहू शेतकरी